एवारिस्तोचे रिकामे फोल्डर

क्युबातल्या आमच्या ओल्गीन शहरात एवारिस्तोइतका हट्टी माणूस दुसरा नसेल, हे मी त्याचा शेजारी म्हणून छातीठोकपणे सांगतो. हवानाहून दर आठवड्याला मालिका-सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क येते. त्यातलं ज्याला जे हवं ते फोल्डर करून त्याच्या डिस्कवर घालून देणं, हा त्याचा धंदा. माऊस मोडल्यापासून तो कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करूनच फोल्डर बनवतो. मी नवा माऊस आणून दिला तर रागावला. वर आम्हालाच शिकवायचा, नावात दोन-तीन शब्द असले तर अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर प्रत्येक शब्दाचा वेगळा फोल्डर होतो. एवढं साधं ज्याला कळत नाही तो त्याच्या लेखी गाढव.

समोरच्या ओनेलियावर, म्हणजे आमच्या गल्लीतल्या विधवा शिंपिणीवर, त्याचा भारी जीव. पण तोंडाने विचारायची छाती होईना. शेवटी त्याने तिच्या डिस्कवर फोल्डरच्या पोटात फोल्डर असे एका हुकमात चार बनवले: 'ओनेलिया', 'किती दिवस गप्प बसू', 'माझ्याशी', 'लग्न कराल का'. सगळ्यांत आत तिच्या मालिकेचा शेवटचा भाग ठेवायचा, म्हणजे वाचल्याशिवाय तिची सुटका नाही.

पण गल्लीत मोठा टीव्ही एकट्या ओनेलियाकडे, हे हा शहाणा विसरला. शेवटचा भाग बघायला आम्ही सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन हजर. ती एकेक फोल्डर उघडत गेली, आम्ही मोठ्याने वाचत गेलो. शेवटचा उघडला तर आत काहीच नाही. फोल्डरांच्या नादात भाग घालायचाच राहिला होता. गल्ली खवळली. लग्नाचं कुणाला काही पडलं नव्हतं.

गलका ऐकून एवारिस्तो भाग घेऊन धावत आला आणि दारातूनच देऊन पळाला. मला त्याची खरंच कीव आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे कॉफी पीत होतो, तेवढ्यात ओनेलिया डिस्क घेऊन आली.

"त्या शेवटच्याच्या आत अजून एक बनवा," ती म्हणाली.

"नाव काय देऊ?"

"रविवारी जेवायला या."

त्याने टाइप करून बटण दाबलं. यादी काढली तर पडद्यावर तीन फोल्डर: 'जेवायला', 'या', 'रविवारी'. अवतरणचिन्हं घालायला विसरला होता, आणि तेही माझ्यासमोर. लालबुंद होऊन तो पुसायला लागला, तर तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या तिन्ही," ती म्हणाली. "आणि येताना खुर्ची आणू नका. घरात दोन आहेत."