‘पुणं पाहून राहिली’: पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन वारजे ते खडकी

रविवारी सकाळी मी पिशव्यांत पुस्तकं भरत होते आणि नितीन, म्हणजे माझा नवरा, चहा गाळत होता. गाळता गाळता म्हणाला, "उद्या हापिसात नागपूरच्या बदलीचं सांगा लागते बरं. हो का नाही."

आम्ही दोघं अमरावतीचे. हिंजवडीच्या कंपन्या कॉलेजातून वर्गच्या वर्ग उचलत होत्या, तेव्हा आम्हीही उचलले गेलो आणि वारज्याला येऊन टेकलो. नितीनला बदली चालणार होती, न झाली तरी चालणार होती. अडलं होतं माझं. इतकी वर्षं राहूनही इथे आपण पाहुणेच आहोत, ही बोच माझी होती. म्हणून मी अट घातली. माझ्या पुस्तकाला आज एक तरी पक्का पुणेकर हसला, तर राहायचं. नाहीतर सामान बांधायचं.

"पुणेकर हासन?" नितीन म्हणाला. "मंग मी खोके आणूनच ठेवतो."

पुस्तक विनोदी आहे, असं माझं म्हणणं आहे. नाव ‘पुणं पाहून राहिली’. वऱ्हाडातून आलेल्या बाईची या शहरात जी फजिती होते, ती त्यात आहे. प्रकाशकांनी "बघू" म्हटलं. पुण्यात "बघू" म्हणजे "नाही", हे कळायला मला बरेच हेलपाटे पडले. शेवटी स्वतःच छापलं. कमी पैशात पुस्तक काढायचं असेल तर माझा सल्ला ऐका: लग्नपत्रिका छापणारा गाठा. मुहूर्त नसतात तेव्हा त्याचं यंत्र रिकामं असतं आणि तो निम्म्या दरात काम करतो. फक्त शेवटचं पान स्वतः तपासा. माझ्या पुस्तकाच्या शेवटी, बहुधा हाताच्या सवयीनं, "कृपया आहेर आणू नयेत" असं छापून आलं आहे.

पहिला मुक्काम कर्वेनगर. वारज्याहून अंतर फार नाही, पण रस्ता उकरलेला, त्यामुळे स्कूटीवर पायाशी पिशव्या असतील तर सावकाश जा. कॉलेजच्या वाटेवर वह्या-पुस्तकांचं एक जुनं दुकान आहे, रविवारीही उघडं असतं. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. मी नमस्कार करून पुस्तक पुढे केलं.

"‘राहिली’ कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग ‘राहिले’ हवं. मुखपृष्ठावरच चूक?"

"चूक नाही हो. आमच्याकडे तसंच म्हणतात. पाहून राहिली, म्हणजे पाहते आहे."

"असं होय. मला वाटलं, पुणं पाहिलं आणि इथेच राहिली." त्यांनी दोन पानं चाळली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "विनोदी आहे का?"

"हो."

"तसं वर लिहायला हवं होतं. ठेवा पाच. संध्याकाळी येऊन बघा, आणि उरलेली न्या."

उरलेली न्या! मला रागही आला आणि रडूही आलं. शेजारच्या टपरीवर मी पोहे मागवले. पोहे छान होते, हे कबूल करावं लागेल.

तिथून खडकी. जाताना फर्ग्युसन रस्ता घ्या आणि येताना जंगली महाराज रस्ता. दोन्ही एकेरी आहेत आणि पोलीस झाडाआड उभा असतो. वाकडेवाडी मागे पडली की थोड्या वेळात छावणीची हद्द लागते. रस्ते रुंद, झाडांची सावली, हॉर्न कमी. बाजारात मात्र गाडी नेऊ नका, स्टेशनजवळ लावून चालत जा.

माझी मावशी तिथल्या क्वार्टर्समध्ये राहते. काका दारूगोळा कारखान्यात आहेत. दारातच मावशी म्हणाली, "काहून वं, किती वाळली तू!" आणि ताटात पाटवडीचा रस्सा आला. तिखट असा, की डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे कुणी विचारत नाही. ते मला बरंच झालं.

दुपारी विहाराच्या वाचनालयात काकांनी आमच्या वऱ्हाडाकडची माणसं जमवली होती. जयभीम झाले, सतरंजी भरली. मी सांबाराचा लेख वाचला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मंडईत "सांबाराची जुडी द्या" म्हटलं, आणि भाजीवाल्यानं शांतपणे समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. सतरंजीवर हशा उसळला. मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पोट दुखून राहिलं वं माह्यं!" एका आजोबांनी शेवटचं पान उघडून विचारलं, "आहेर आणू नये, तर मंग पुस्तकाचे पैसे द्याचे का नाही?" त्यावर पुन्हा हशा. एक पिशवी तिथेच रिकामी झाली.

मला फार आनंद झाला. पण ही आपली माणसं. ती हसली, ते घरचंच. अटीत धरता येत नव्हतं.

परतताना ऊन उतरलं होतं. कर्वेनगरला पोचले तेव्हा दुकानदार एका मुलीला आलेखाचा कागद देत होते. काचेत माझं एकच पुस्तक उभं होतं, आणि त्याखाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक पाटी:

"‘राहिली’ ही छपाईची चूक नाही. विचारू नये."

मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

"सकाळपासून जो तो येऊन तेच विचारतोय," ते म्हणाले. "किती जणांना वऱ्हाडी शिकवू?"

"बाकीची चार?"

"तीन गेली. एक मी घरी नेलं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जेवताना ही म्हणाली, कोथिंबीर संपलीय. मी म्हटलं, सांबार म्हण."

"मग?"

"मग ती हसली."

"आणि तुम्ही?"

"मी दुकानात हसत नाही, गिऱ्हाईक उधारी मागतं. घरी काय करतो, ते तुम्हाला कशाला? पुस्तक बरं आहे. अजून दहा आणून द्या."

"बरं आहे" म्हणजे काय, तेही मला एव्हाना कळू लागलं होतं. मी स्कूटीवर बसले. सकाळी पोह्यांसमोर आलं होतं तेच रडू पुन्हा आलं, पण या वेळी लाज वाटली नाही.

घरी आले तर नितीननं खरंच किराणा दुकानातून खोके आणून ठेवले होते. मी एक ओढला आणि उरलेली पुस्तकं त्यात लावू लागले. त्या फेरीतून काय राहिलं, याचा विचार करत होते. पाटवडीचा तिखटपणा जिभेवर होता. आणि डोक्यात होता दुकानदारांनी माझ्या पुस्तकाच्या नावाचा लावलेला चुकीचा अर्थ: पुणं पाहिलं आणि इथेच राहिली.

"भरून राहिली का सामान?" नितीननं जपून विचारलं. "उद्या काय सांगू मंग?"

"सांग," मी म्हटलं, "राहून राहिलो."