शाल दिली, बूट नेले

"मास्तर, ह्यांना पान लागलं," एवढंच वहिनी फोनवर म्हणाल्या. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि मी, जन्मभर पोरांना शिकवलेला शहाणा माणूस, गाडी मिळाली का, शुद्धीवर आहे का, हे सोडून पहिला प्रश्न विचारला, "पायात काय होतं?" त्या म्हणाल्या, "चपला." दुसऱ्या दिवशी दुपारी देवजी डहाणूच्या दवाखान्यात वारला. डॉक्टरांनी हातचं राखून काही केलं नाही, त्यांच्यावर माझा राग नाही. बाकी सगळ्यांवर आहे, आणि महिना होत आला तरी तो उतरत नाही. दात घोट्याच्या वर दोन बोटं लागले होते. जंगल बूट तिथून चांगला वीतभर वर येतो.

हवालदार देवजी म्हणजे रानशेतच्या पलीकडच्या पाड्यावरचा माझा शाळासोबती. फौजेतली बरीच वर्षं त्याने ईशान्येच्या जंगलात काढली आणि येताना तो ते हिरवे, कापडी, रबरी तळाचे बूट पायात घालूनच घरी आला. पुढे चिखलणी असो, लावणी असो की रानातून लाकूड आणणं, पायात तेच. "मास्तर, चामड्याचा बूट पाणी पितो आन् दगड होतो. हा पाणी ओकतो," असं तो मला वर्षातून चारदा तरी सांगायचा. दाराशी बांबूच्या दोन खुंट्या ठोकल्या होत्या, त्यांवर बूट उलटे टांगलेले. घालण्याआधी एकमेकांवर दोनदा आपटायचे आणि दरडावून विचारायचं, "कोण हाय आत? बाहेर ये!" एकदा विंचू खरंच बाहेर आला, तेव्हापासून मी हसणं सोडलं. मात्र चिडवणं सोडलं नाही. "वहिनी, हा तुमच्यापेक्षा बुटांना जास्त जपतो," म्हटलं की त्या म्हणत, "जपू द्या. बूट उलटून बोलत तरी नाय." तळ झिजला तेव्हा त्याने सायकलच्या टायरचा तुकडा शिवून घेतला, वरचं कापड फाटलं तिथे जुन्या तंबूचं ठिगळ लावलं.

यंदा पंधरा ऑगस्टला आशागडला शाळेच्या हॉलमध्ये आम्ही माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. आम्ही म्हणजे कोण? मीच की! यादी माझी, हार माझे, सूत्रसंचालनही माझंच. देवजी इस्त्रीचा सदरा घालून आला, खाली ते बूट. आणि मी दारातच त्याला म्हणालो, "अरे, फरशी नवीन आहे, बूट बाहेर काढ." तो म्हणाला, "लेस सोडायला वेळ लागतो, मास्तर." मी म्हणालो, "दोन मिनिटं लागतील, त्यात काय एवढं?" त्याने पायरीवर बसून एकेका भोकातली लेस सोडवली आणि जोडी भिंतीला टेकवून ठेवली, टाचेला टाच. आत पाहुणे माईकवरून तासभर सीमेवर लढत होते. जवानाच्या पायाची धूळ कपाळाला लावावी म्हणाले. टाळ्या पडल्या. बाहेर येऊन बघतो तर सगळ्यांच्या चपला जागच्या जागी, फक्त जवानाचे बूट गायब! कोणी नेले असतील? हल्ली पोरांना जुन्या फौजी बुटांचा शौक आहे, फोटोत छान दिसतात म्हणे. शाल दिली, नारळ दिला आणि बूट नेले. मी म्हणालो, "नवीन घेऊ रे." रिक्षा आणतो म्हणालो तर मान हलवली आणि खांद्यावर शाल, हातात नारळ असा अनवाणी घरी गेला. एक सणसणीत शिवी दिली असती मला तर बरं झालं असतं.

मग आम्ही शोधायला लागलो. डहाणू रोडची दुकानं झाली, तलासरीचा बाजार झाला. जिथे जावं तिथे ठिपक्याठिपक्यांचे आर्मी बूट पुढे येत. दुकानदार गुजरातीत गळ घाली, "लई जाव ने काका, एकदम ओरिजिनल छे!" देवजी बूट हातात घेई, तळ वाकवी, रबराचा वास घेई आणि हळूच परत ठेवी. "हा बूट नाय मास्तर, बुटाचा फोटो हाय." मी जबरदस्तीने एक जोड घ्यायला लावला. त्याचा तळ आठ दिवसांत खाचरातच राहिला. शेवटी तलासरीला एकाकडे खरा जोड निघाला, पण सहा नंबर, आणि देवजीचा पाय नऊ. तो बराच वेळ ते बूट मांडीवर घेऊन बसला होता... कापणी आली, आणि तो चपला घालून शेतात उतरला.

दिवसकार्य झाल्यावर मी पाड्यावर गेलो. दाराशी खुंट्या रिकाम्या. वहिनींनी घडी न मोडलेली शाल माझ्या हातात दिली.

"ही घेऊन जा, मास्तर. मला बूट आणा."

मला वाटलं, खुंटीला लावायला, त्याची आठवण म्हणून. तसं बोललोही मूर्खासारखा.

"आठवण कशाला? मला घालायला. भात अजून उभं हाय, आन् ते जनावर पण तिथंच हाय."

मी त्याच पावली तलासरी गाठली. सहा नंबरचा तो जोड विकला गेला होता.

म्हणून हे लिहितोय. ज्याने पायरीवरून ते बूट उचलले, तो आमच्यातलाच आहे आणि हे वाचेल. बाबा रे, डाव्याला तंबूचं ठिगळ आहे, तळाला टायर. नऊ नंबर मोठे होतील, पण वहिनी पुढे चिंध्या कोंबून घालतील. जिथून नेलेस त्याच पायरीवर आणून ठेव, कोणी काही विचारणार नाही. मी रोज सकाळी जाऊन बघतोय. लवकर आण, भात पिकून आडवं व्हायला लागलंय.