वळणातली मोकळी जागा

“आई फ्लॅटमध्ये अगदी रमली होती, बंगल्याच्या बागेची तिला आठवणही येत नसे,” असे आमच्या चिरंजीवांनी माझ्या पत्नीच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांसमोर सांगितले. मला हे मान्य नाही. बंगला बिल्डरला देण्याचा हट्ट त्यांचा होता, तेव्हा ही सोयीची आठवणही त्यांचीच.

माझ्यासमोर नातीच्या, सईच्या, व्हिडिओ गेममधले बेट आहे. फ्लॅटमध्ये आल्यावर ते माझ्या पत्नीने सजवले. वाटेला तिरप्या विटांची किनार आहे, आणि सपाट वाळूवरून दाराकडे जाणारी ती वाट मध्येच विनाकारण वळसा घेते.

“आजी, सरळ कर ना ती,” सई म्हणाली होती.

“राहू दे गं, पायांना सवय आहे.”

आमच्या बागेतली वाट आंब्याला असाच वळसा घालत असे. तो आंबा तोडला, तेव्हा ही खिडकीत उभी होती. जमीन लिहून देता येते. तिच्यावरून चालण्याची सवय देता येत नाही.

चिरंजीव म्हणतात, हा योगायोग. त्या बेटावर हवे तिथे हवे ते झाड लावता येते. हिने सगळीकडे झाडे लावली. त्या वळणात मात्र एकही लावले नाही.