अर्ध्या शर्यतीचा हार

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. हा प्रकार ऐकताना आतापर्यंत दोघांना ठसका लागलाय, आणि त्यातला एक मीच, सांगता सांगता.

मी गोरेगावचा. सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव, दुसरं नव्हे. एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पोरांना एकच गोष्ट घोकून घेतली : सोडवायला बसण्याआधी काय दिलंय ते नीट वाचा. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच डोक्यात हाणायचंय.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक लेक प्रज्ञा बाराव्या वर्षीच पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेली, पोहण्यासाठी. घरी मी एकटा. सवयीनं दोन कप चहा करतो आणि दोन्ही मीच पितो. डॉक्टर म्हणतात, साखर वाढली. वाढणारच की.

प्रज्ञाला पोहायला मीच शिकवलं, आमच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. खाली पाहिलं की काळं पाणी दिसायचं आणि पोरगी किंचाळायची. शेवटी म्हटलं, बाई, खाली पाहूच नको, वर पाहा. ती उताणी झाली ती आजतागायत उताणीच पोहते. बॅकस्ट्रोक म्हणतात त्याला. विहिरीवर उंबराची एक फांदी आली होती. फांदी डोळ्यांवर आली की समजायचं, भिंत आली. मोठ्या तलावात आता त्यासाठी वर पताका बांधलेल्या असतात. काम उंबराचंच, फक्त रंगीत.

तर प्रज्ञाचा फोन येतो दर रविवारी. चार मिनिटं. सराव, कॉलेज, दमलेली असते, माझी तक्रार नाही. पण चार मिनिटांत बोलायचं काय, हा प्रश्न मला गुरुवारपासूनच पडतो. म्हणून मी कागदावर विषय लिहून ठेवतो. हसू नका. एक, गुडघा. दोन, तूर. तीन, शेजारच्या कमलबाईची म्हैस व्याली. मधे शांतता पडली की ती म्हणते, "बरं बाबा, ठेवते मग." ती शांतता पडू नये म्हणून सगळी धडपड.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, माझी निवड झाली. जागतिक स्पर्धा. परदेशात. शंभर मीटर बॅकस्ट्रोक."

माझे डोळे भरून आले. ती पुढे सांगत होती, "आणि ही शॉर्ट कोर्स आहे बरं का, तलाव पंचवीसच मीटरचा असतो. त्यामुळं..."

"कळलं, कळलं," मी म्हटलं. माझं लक्ष कागदावर होतं. अडीच मिनिटं होऊन गेली होती आणि म्हैस अजून राहिली होती.

पुण्यात एकदा तिचा तलाव पाहिलेला. पन्नास मीटर लांब. एक जाणं, एक येणं, झाले शंभर. हे गणित माझ्या डोक्यात पक्कं. आता पंचवीसच्या तलावात शंभरासाठी किती खेपा, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. पण त्यासाठी दिलेलं वाचावं लागतं.

शर्यत आपल्याकडच्या दुपारी होती. एकट्यानं पाहायची नव्हती मला. कमलबाईला म्हटलं, ती म्हणाली, "सर, मी कापूस येचाया चालले. पोरीला म्हनावं, लई जोरात पव्ह." जीपच्या थांब्यावर किसनला विचारलं. हा किसन माझा विद्यार्थी. गणितात मी त्याला दोनदा नापास केला, आता गोरेगाव-सेनगाव जीप चालवतो. तो म्हणाला, "सर, शीटं भरून राहिलो. तुमी पाहा अन् सांगा."

म्हणून मग पलंगावर फोन टेकवून एकटाच बसलो. मधेच कुणाचा फोन नको म्हणून आवाज पार बंद केला.

आठ पोरी पाण्यात उतरल्या, भिंतीला पाय लावून लोंबकळल्या. चौथ्या पट्ट्यात माझी. सुटल्या. समोरची भिंत आली, प्रज्ञानं कोलांटी मारली, परत निघाली. मला वाटलं, हे झालं जाणं. आता येणं. आणि येताना ती पुढे! खरंच पुढे, हातभर. भिंतीजवळ आली, सगळ्यांच्या आधी आली.

आणि मी फोन पालथा घातला.

का? तर प्रज्ञाची आई. लेकरू जिंकत असलं की ती नजर काढून घ्यायची. "आपलीच दीठ लागते," म्हणायची. मी तिला जन्मभर हसलो. बाई, आपण बाबासाहेबांना मानणारी माणसं, काय हा अडाणीपणा. पण त्या क्षणी माझे हात तिचे झाले. फोन पालथा घातला आणि वर उशीही ठेवली. नजर उशीतून जात नाही, असं तिचं शास्त्र होतं.

मग घड्याळ पाहिलं. शंभर मीटरला पोरीला एक मिनिट आणि वर थोडं लागायचं. आज तिसेक सेकंदांत आली! वेळ निम्मी! आता मला सांगा, गणिताच्या मास्तराला इथं तरी शंका यायला नको होती का? नाही आली. आनंद झाला की माझं गणित कच्चं होतं, हे मला साठीनंतर कळलं.

चप्पल न घालता थांब्यावर गेलो. जीप सुटतच होती.

"सर, कितवी आली?" किसननं विचारलं.

"पहिली. जगात पहिली. अन् वेळ निम्मी."

"निम्मी? काहून?"

"काहून म्हणजे? विक्रम आहे तो."

किसननं सेनगावपर्यंत हॉर्न सोडला नाही म्हणतात. सेनगावात पोचेपर्यंत त्याचं सुवर्णपदक झालं होतं. तिथून हिंगोलीला गेलेल्या माणसांनी त्याचं ऑलिम्पिक केलं. जीप परत आली ती सेनगावहून आणलेला हार घेऊनच.

पाचच्या सुमारास घर भरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेतातून आलेल्या बाया, शाळेतले जुने सहकारी, कमलबाई लुगड्याला चिकटलेला कापूस झटकत. मोठं पातेलं काढलं, ते प्रज्ञाच्या आईनंतर कुणी काढलंच नव्हतं. मला खुर्चीवर बसवून हार घातला. मी भाषण केलं. विहीर, डबा, उंबर, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, आणि मला कागद लागला नाही. खरं सांगतो, त्या तासाभरात मी लेकीला विसरलो. माणसं जाऊ नयेत, एवढंच वाटत होतं.

मग किसन म्हणाला, "सर, प्रज्ञाताईला फोन लावा न. समद्याईला ऐकू द्या."

उशी उचलली, फोन सुलटा केला. तिचे अकरा फोन येऊन गेले होते.

अकरा. आठवड्याला एक फोन करणारी माझी लेक तीन तासांत अकरा वेळा बापाला हाक मारत होती, आणि बाप हार घालून बसला होता. मी लावला. किसननं हात लांब करून स्पीकर चालू केला.

"बाबा, कुठं व्हता तुमी?" रडायला लागली की तिची बोली गोरेगावची होते. "कवाची लावून राहिले मी. इथं माझं कोनीच न्हाई."

"काय झालं बाळा?"

"मी शेवटची आले, बाबा. आठात आठवी. तिसऱ्या वळनावर पाय भिंतीला नीट लागलेच न्हाईत. तुमी पाहिलं न?"

घरातल्या चाळीस माणसांनी हे ऐकलं. तिसरं वळण? मला एकच ठाऊक होतं. तेव्हा कुठे डोक्यात पंचवीस चोक शंभर झालं.

खोटं बोलता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि गळ्यातला झेंडू आता टोचायला लागला होता.

"न्हाई पाहिलं," मी म्हणालो. "मी अर्धीच पाहिली. तू दुसऱ्यांदा भिंतीला आलीस तेव्हा सगळ्यांच्या पुढं होतीस. मला वाटलं संपली. मी तुझ्या आईसारखा फोन पालथा घातला. गावाला सांगितलं पहिली आली म्हणून. आता घरात गाव बसलंय आणि माझ्या गळ्यात हार आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. तीच, जिला मी रविवारी भितो.

"पन्नासला मी पुढं व्हते?" तिनं हळूच विचारलं.

"हातभर."

"मला माहीतच न्हाई, बाबा. मला तर छतच दिसतं. इथं समदे शेवटचंच बोलून राहिले. हे कोनीच न्हाई सांगितलं."

तेवढ्यात किसन फोनकडे वाकला. "ताई, सरांनी मला चौतीस गुनावर नापास केलं व्हतं. सर आज पन्नासावर थांबले, त्याईले पास समजा."

आधी कमलबाई हसली, मग सगळं घर, आणि मग फोनमधून प्रज्ञा. हसता हसता परत रडली, परत हसली. माणसं चहा पिऊन एकेक करून गेली, आम्ही बोलतच होतो. पाऊण तास झाला. विषयांचा कागद उशीखालीच राहिला. म्हैस व्यालेली तेवढी सांगितली.

आता पंचवीसच्या तलावात तिची शर्यत असली की किसन त्या वेळची खेप सोडतो आणि माझ्या पलंगावर येऊन बसतो. फोन स्वतःच्या हातात धरतो, माझ्याकडे देत नाही. प्रज्ञा भिंतीला टेकली की मोठ्यानं म्हणतो, "सर, ही एक." मग, "सर, ही दोन. उठू नका, अजून दोन हायेत." ज्याला मी दोनदा नापास केला, तो मला चारपर्यंत मोजायला शिकवतो. आणि मीही खाली बसतो, कारण दोन कप चहा केलेला असतो आणि दुसरा त्याचा असतो.