पट्टी आली का?

ठिपकेताईंच्या घरात रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जायचा, आणि त्याचं उत्तर द्यायचा मान फक्त सासूबाईंचा.

"आई, पट्टी आली का?"

"थांब गं, काळोखच आहे अजून. हं, आली. पहिल्या ओळीवर."

ठिपकेताई बाणाची कळ दोनदा दाबायच्या. "आता?"

"तिसऱ्या. बरोबर. दाब."

मग सासूबाई चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात परत जायच्या आणि गार झालेल्या चहाला नावं ठेवायच्या. चहा गार होण्याचं खापर रोज संगणकावर फुटायचं. गरम चहा आधी पिऊन मग यावं, हे मात्र त्यांना इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. सुचलं असेल तरी त्यांनी तसं केलं नाही.

ठिपकेताईंना लहानपणापासून दिसत नाही. घराच्या मागच्या खोलीत बसून त्या अंध मुलांच्या शाळांसाठी ब्रेलची पुस्तकं छापतात. अख्खी गल्ली त्यांना ठिपकेताई म्हणते ती त्या उठावाच्या ठिपक्यांमुळे, आणि त्यांनाही ते नाव आवडतं. त्यांचं छापयंत्र टेबलाएवढं आहे, खडखडाट असा करतं की शेजारचं मांजरही त्या खिडकीत बसत नाही. कामाला खोट नाही त्याची. फक्त ते हट्टी आहे. एका जुन्यापुराण्या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय ते कुणाचंच ऐकत नाही, आणि ते बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला आहे. शाळांकडून पुस्तकं येतात ती नव्या सिस्टिमवर. आणि ताई तपासायला बसतात ती तिसरी सिस्टिम, फुकटची, पण पडद्यावरचं सगळं स्पष्ट वाचून दाखवणारी. अशा तीन सवती एकाच डब्यात नांदत होत्या. एकीच्या पोटात दुसरी चालवून पाहिली होती, पण तसं केलं की छापयंत्र मधूनच ठिपका गाळायचं, आणि ब्रेलमध्ये एक ठिपका गळला की 'माळ'चं भलतंच काहीतरी होतं.

इथंच घोडं पेंड खायचं. तिघींपैकी कोणाला उठवायचं हे विचारणारी यादी संगणक सुरू होताच पडद्यावर येते, आणि त्या वेळी बोलणारी सिस्टिम अजून झोपलेलीच असते. यादी आली कधी तेच कळत नाही. कळ आधी दाबली तर वाया जाते, उशिरा दाबली तर पहिलीच सिस्टिम सुरू होऊन बसते. म्हणून सासूबाई. त्यांना त्या यादीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पांढरी पट्टी कितव्या ओळीवर आहे हे त्या डोळ्यांत तेल घालून सांगायच्या.

अशी गाडी छान चालली होती. मग संगणकच म्हातारा झाला. सुरू झाला तर झाला, नाहीतर धापा टाकत बसायचा. आणि त्याच सुमाराला नणंदेचे दिवस भरत आले. पहिलंच बाळंतपण, तेही दुसऱ्या गावात. सासूबाईंनी आनंदाने बॅग काढली, निम्मी भरली आणि तिच्यावरच बसून राहिल्या.

"मी गेले तर तुझी पट्टी कोण बघणार?"

"मी शेजारी विचारीन."

"रोज सकाळी? तुला आवडेल?"

नवरा बेकरीत भट्टीवर, तो उजाडायच्या आत घराबाहेर पडायचा आणि जेवायच्या वेळेला यायचा. उरले शेजारी. ते नाही म्हणाले नसते. पण स्वतःचं काम सुरू करायला रोज दुसऱ्याचं दार वाजवायचं, या कल्पनेनेच ताईंचा जीव कसानुसा व्हायचा. आणि आपल्यापायी लेकीच्या बाळंतपणाला आई पोचली नाही, हे तर त्यांना जन्मभर खुपलं असतं.

संगणकाचा दुकानदार नवऱ्याचा आतेभाऊ. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. "वहिनी, तयार मशीन घ्या! खोक्यातून काढा, वायर जोडा, कामाला लागा. बिघडलं तर माझ्या दारात आणून टाका. सुटे भाग आणून जोडत बसायला तुम्हाला वेळ कुठे आहे?"

नवऱ्याला हे सोळा आणे पटलं. सासूबाईंनाही पटलं. खरं तर ताईंनाही पटलं होतं, कारण बिघडलं की नेऊन टाकायला एक दार असणं ही काही लहान गोष्ट नाही. त्यांनी एकच विचारलं, "सिस्टिम सुरू व्हायच्या आधी हे मशीन काही आवाज करतं का?"

"आवाज? स्पीकर आहेत की, झकास!"

"ते नंतरचे, भावोजी. अगदी पहिला आवाज. पूर्वीची मशीनं सुरू होताना एक 'टूं' करायची बघा, तो. त्या यादीला शिट्टी वाजवायला सांगता येतं. मी शोधून काढलं आहे, एक ओळ लिहायची असते. पण शिट्टी वाजवायला तोंड हवं ना!"

दुकानदाराने खरोखरच एक तयार मशीन उघडून पाहिलं. आतल्या बोर्डवर त्या चिमुकल्या भोंग्याला जोडायची जागाच नव्हती. दुसरं उघडलं. तिथेही नाही. "हल्ली कोणी मागतच नाही हो," तो डोकं खाजवत म्हणाला, आणि मग त्यालाच चेव चढला. भोंग्याला जागा असलेला आणि जुन्या सिस्टिमशीही पटवून घेणारा असा बोर्ड त्याने कुठून कुठून फोन करून मागवला. भोंगा मात्र त्याच्याच अडगळीत सापडला, हरभऱ्याएवढा. तो त्याने फुकट दिला आणि वर बजावलं, "वहिनी, जोडलेल्या मशीनची जबाबदारी मी घेणार नाही हं." मग दोन पावलं जाऊन परत आला. "घेईन. पण कोणाला सांगू नका."

सुट्टीच्या दिवशी जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि जोडणी सुरू झाली. बोटं ताईंची, डोळे नवऱ्याचे. तो बोर्डसोबत आलेल्या कागदावरचं चित्र बघून सांगायचा आणि ताई चाचपून जोडायच्या. भाग एकेक करून असे बसत गेले की सासूबाई भाजी चिरता चिरता थांबून बघत राहिल्या. जुन्यातली डिस्क तिन्ही सवतींसकट नव्यात गेली, शिट्टीची ओळ ताईंनी तिच्यात आधीच लिहून ठेवली होती. बटणाच्या वायरी लागल्या. मध्ये जेवणं झाली. शेवटी उरला तो भोंगा. बारीक टाचण्यांच्या रांगेत डावीकडच्या टोकाला तो बसवायचा, असं नवऱ्याने चित्र बोर्डाशी जुळवून सांगितलं आणि ताईंनी बसवला.

बटण दाबलं. पंखा फिरला.

"आली," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी आली गं."

शिट्टी मात्र वाजली नाही. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पट्टी येत होती, सासूबाई सांगत होत्या, आणि भोंगा मूग गिळून बसला होता. नवरा म्हणाला, "तयारच घ्यायला हवं होतं." हे वाक्य त्याने त्या वेळी म्हणायला नको होतं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते त्याच्याही लक्षात आलं.

सासूबाईंनी बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले. "जाऊ दे. लेकीला सांगते, तिच्या सासूला बघू दे म्हणावं," असं म्हणत होत्या. पण घड्या घालताना त्या हळूच गुणगुणत होत्या, आणि ठिपकेताईंनी ते ऐकलं. ताईंना आधी राग आला. मग कळलं. लेकीकडे जायची ओढ होतीच त्यांना, पण इथे रोज सकाळी कोणीतरी आपल्याला हाक मारतं, याचंही त्यांना अप्रूप होतं. ताईंनीही सासूबाईंच्या शेजारी बसून घड्या घालायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ताई स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लावायच्या ब्रेल चिठ्ठ्या करत होत्या. अशा छोट्या कामाला त्या अजून खाचांची पाटी आणि टोचणीच घेतात. कागद पाटीत अडकवायचा आणि मागच्या बाजूने टोचत जायचं. लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद पालथा केला की वाचायचं डावीकडून उजवीकडे. शाळेत पहिल्या वर्षी हे शिकताना प्रत्येक मुलाच्या नाकी नऊ येतात. 'साखर' टोचता टोचता ताईंचा हात थांबला. समोर बसलेल्याची डावी आपली उजवी असते.

नवरा कामावरून येऊन चपला काढत होता, तोच आतून हाक आली. "अहो, काल भोंग्याचं सांगताना तुम्ही कुठे बसला होतात?"

"कुठे म्हणजे? आधी तुझ्या शेजारी. जेवण झाल्यावर समोर, पंख्याखाली."

"आणि डावीकडचं टोक म्हणालात ते कोणाच्या डावीकडचं?"

बाहेरून कपाळावर हात मारल्याचा आवाज चांगला स्पष्ट आला.

ताईंनी भोंगा उपटला, टाचण्यांवरून बोट फिरवत दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथे बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि मग त्या हरभऱ्याने तोंड उघडलं. "टूं-टूंऽऽ!"

स्वयंपाकघरात चमचा पडला. "काय वाजलं ते?"

"पट्टी आली, आई."

मग सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला न विचारताच आली?"

नवरा हसला. ताई हसल्या नाहीत. त्या उठून आवाजाच्या दिशेने गेल्या, सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही जा आता, आई. लेकीला तुमची गरज आहे. पण ही सुट्टी नाही हं, रजा आहे. रजा संपली की परत कामावर यायचं."

"गार चहा प्यायला?" सासूबाई म्हणाल्या, पण आवाज ओला होता. संध्याकाळी बॅग पुन्हा भरली गेली, या वेळी पूर्ण.

नातीचा जन्म झाला. सासूबाईंचा फोन रोज येई, कधी दुपारी, कधी संध्याकाळी, नातीच्या जांभईचं वर्णन करायला. एकदा मात्र तो सकाळीच आला, ताई नुकत्याच संगणकापुढे बसल्या होत्या तेव्हा. ताईंनी फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं, तेही क्षणभर थांबलं.

"टूं-टूंऽऽ!"

"पट्टी आली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आली, आई. पहिल्या ओळीवर." ताईंनी बाणाची कळ दोनदा दाबली.

"आता?"

"तिसऱ्या," ताई म्हणाल्या.

ताईंचं बोट कळीवर होतं. दाबायला काहीच हरकत नव्हती. त्या थांबल्या.

"बरोबर," तिकडून आवाज आला. "दाब."

ताईंनी दाबलं.