समोरच्या मावशींच्या चटया

घरात पाहुणा आला की पाणी आणायला कोण उठतं, एवढ्यावरून त्या घराचा सगळा कारभार ओळखणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती बहरीनला, झिंजमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. आम्ही सगळ्याजणी त्यांना मावशी म्हणायचो. पॅसिफिकमधल्या एका बेटावर बायका काय करतात, पुरुष काय करतात आणि त्यातल्या कशाला काम म्हणतात, हे बघण्यात मावशींची उमेदीची वर्षं गेली होती. त्यावर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत. मुलाच्या घरी ती चपलांच्या कपाटावर असायची. बघायची सवय मात्र सुटली नव्हती. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याला त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही ताट उचलता, की ते आपोआप जातं?" त्याने निमूट ताट उचललं, अर्थात त्या दिवसापुरतं. मंडळाच्या गणपतीत त्या खुशाल पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बसायच्या आणि आरतीनंतर सतरंज्या कोण झटकतं यावर डोळा ठेवायच्या. "आम्ही काय जंगलात राहतो का, आमचा अभ्यास करायला?" असं एकीने तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिथे कुठलं जंगल? समुद्र नि नारळ. तुमच्या गुहागरसारखंच."

एवढी शिकलेली बाई बहरीनमध्ये काय करत होती, तर नात सांभाळत होती. मुलगा सलमाबादला एका वर्कशॉपचा मॅनेजर, सून हॉस्पिटलात शिफ्टवर. "थोडे दिवस ये," म्हणून बोलावलेल्या मावशी नातीचे दुधाचे दात पडायला लागले तरी इथेच. व्हिसावर त्या मुलावर अवलंबून होत्या. घर त्यांच्यावर अवलंबून होतं, पण त्याची नोंद कुठलंच ऑफिस करत नाही.

अशात बेटावरची त्यांची बहीण गेली. मानलेली, पण तिच्याच घरात राहून मावशी तिथली भाषा शिकल्या होत्या, तापाने फणफणल्या तेव्हा तिनेच त्यांना वाचवलं होतं. तिकडे माणूस गेलं की विणलेल्या चटया वाटायचा मान बहिणीचा. आली नाही, तर तीही मेली असं धरतात. मुलगा म्हणाला, "आई, आत्ता कसं शक्य आहे? हिची शिफ्ट, बेबीला कोण बघणार? पुढे बघू, इंशाल्ला." मावशी मला म्हणाल्या, "कामाला ठेवलेल्या बाईला लीव्ह असते, तिकीट असतं. आईला द्यायचं तेवढं विसरले." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग मनामाच्या बाजारातून त्यांनी प्लास्टिकच्या चटयांचा गठ्ठा टॅक्सीत घालून आणला, बिल्डिंगमधल्या आम्हा मराठी बायकांना बोलावलं आणि एकेकीच्या हातात चटई ठेवत बेटावरच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. संक्रांत नुकतीच झाली होती. बायकांना वाटलं, हे वाण. "केवढं मोठं वाण, मावशी!" म्हणत सगळ्या खूश. घेतलेलं अंगावर ठेवायची आम्हाला सवय नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत एकेकीने स्टीलची वाटी, डबी त्यांच्या दारात नेऊन दिली.

मी गेले तेव्हा ओट्यावर भांडी मांडलेली होती आणि मावशी त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिकडे दिल्या दिवशी परतफेड केली, की तुझं माझं नातं संपलं असं सांगितल्यासारखं होतं. खलास." मी विचारलं, मग सांगायचं नाही का त्यांना? "प्रेमाने आणलंय गं त्यांनी," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मला त्या मुलाचा, माझ्या मैत्रिणींचा, माझाही भयंकर राग आला. माझ्याही हातात वाटी होती. ती मी तशीच घरी नेली.

नात शाळेत रमली, तसा मावशींचा व्हिसा पुढे वाढवायचं कुणाला सुचलं नाही. आता त्या पुण्यात एकट्या असतात. बेटावर जाणं झालं नाहीच, गुडघ्यांनी दगा दिला. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतात, "चटई आहे का गं?" आहे. कडा उसवल्यात, रंग गेलाय, आणि तिच्या बदल्यात मी मावशींना आजवर काही म्हणजे काही दिलेलं नाही.