मुक्काम ठेसन

आमच्या घराला तीन भिंती होत्या. चौथी रेल्वेची होती. स्टेशनच्या तिकीटघराच्या मागच्या भिंतीला टेकून बाबाने कारवीच्या कुडाचं खोपट उभं केलं होतं, माझ्या जन्माच्या आधी. जमीन नव्हती. आम्ही ठाकर. आई रानातून करवंदं, जांभळं, पावसाळ्यात शेवळं आणायची आणि फलाटावर बसून विकायची. बाबा मिळेल त्या कामाला जायचा, कधी वीटभट्टीवर, कधी खडी पसरायला. काम नसलं की नाचणीची आंबील पिऊन आम्ही झोपायचो. त्याचं मला तेव्हा वाईट वाटत नसे, आताही फारसं वाटत नाही. तसं होतं, एवढंच.

वाडीत अकरा घरं. वाडीला नाव नव्हतं. स्टेशनच्या फलकावर नाव होतं ते ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावाचं, आणि ते गाव आमचं नव्हे. कुणी विचारलं तर आम्ही "ठेसनावरचे" असं सांगायचो. बाबा मला शाळेत घालायला घेऊन गेला तेव्हा गुरुजींनी विचारलं, "गाव?" बाबा म्हणाला, "ठेसन." गुरुजींनी ते शुद्ध करून लिहिलं, स्टेशन. जन्मठिकाणाच्या रकान्यातही तेच.

गाड्या मोजक्याच थांबायच्या. तिकिटं द्यायला रेल्वेचा माणूस नव्हता, पलीकडच्या गावातले एक म्हातारे कमिशनवर विकायचे. आमच्या बायका बाजाराला कर्जतला निघाल्या की खिडकीत द्रोणभर करवंदं ठेवायच्या आणि गाडीत चढायच्या. म्हातारे म्हणायचे, "जा गं, जा." यात काही चुकतंय असं ना त्यांना वाटलं ना आम्हाला. कागदावर मात्र त्या स्टेशनातून कुणी चढतच नव्हतं.

मी चौथीत असताना गाड्या थांबायच्या बंद झाल्या. सांगायला कुणी आलं नाही. आई टोपली घेऊन फलाटावर बसली होती, गाडी समोरून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. पुढे म्हाताऱ्यांकडून कळलं, तिकिटं खपत नव्हती म्हणून.

"म्हंजे करवंदांनी खाल्लं ठेसन," आई म्हणाली. त्यावर सगळी वाडी हसली. तिला तेव्हापासून कर्जतला चालत जावं लागलं, जायला दोन तास, यायला दोन तास.

मग फलक नेला, पत्रे नेले, तिकीटघर पाडलं. आमची चौथी भिंत गेली. जोत्याचे दगड तेवढे राहिले, गुडघाभर उंच. बाबाने त्यांच्यावर कूड उभा केला आणि दगड शेणामातीने लिंपून टाकले. आपलं घर रेल्वेच्या जागेला चिकटलंय हे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. गाड्या येत-जात राहिल्या. "दोनची गेली का गं?" असं बायका एकमेकींना विचारायच्या आणि चुलीला लागायच्या.

मी बारावी झाले. वाडीतली पहिली. कर्जतच्या कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला, पण जातीचा दाखला दिवाळीच्या सुट्टीआधी दिला नाही तर प्रवेश रद्द होणार होता. खालापूरला तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने माझा शाळेचा दाखला वाचला.

"जन्मठिकाण स्टेशन? आईची गाडी चुकली होती काय?"

मागची रांग हसली.

"गाडी वेळेवर होती," मी म्हटलं. "आम्ही तिथंच राहतो."

"ते स्टेशन बंद आहे. या नावाची वस्ती आमच्या यादीत नाही. आधी तलाठ्याचा पंचनामा आण."

तलाठी पंधरा दिवसांनी मोटरसायकलवरून आले. फलाटावर कमरेएवढं गवत होतं, त्यात म्हशी. त्यांनी विचारलं, "स्टेशन कुठे होतं?" चार जणांनी चार दिशांना बोटं दाखवली. एक आजोबा म्हणाले, "ही म्हस बसलीय नं, थितं नळ व्हता."

"पंचनाम्यात म्हैस लिहू का?" तलाठी म्हणाले. "काहीतरी खूण दाखवा. नाहीतर जागेवर काही आढळलं नाही असं लिहावं लागेल."

बाबा खाली बघत उभा राहिला. खूण कुठे आहे ते त्यालाही माहीत होतं, मलाही. आई घरात गेली आणि कोयता घेतला.

"ऱ्हाऊ दे गं," बाबा म्हणाला.

"पोरीचं कॉलेज जाईल."

"घर जाईल."

"कूड तर हाय. परत बांधू."

तिने दगडावरचं लिंपण खरवडायला सुरुवात केली. ढलप्या पडत गेल्या. आतून पिवळा पट्टा निघाला आणि त्यावर काळ्या रंगात रेल्वेने घातलेला इमारतीचा नंबर. तलाठी वाकून बघत राहिले.

"हा तुमच्या घरात कसा आला?"

"तो नाय आला," आई म्हणाली. "आमी त्याच्याजवळ आलो."

घर राहणार की जाणार ते आता त्यांच्या हातात होतं. मला भीती वाटायला हवी होती. मी ढलप्या गोळा करत बसले.

तलाठ्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. "माझं अक्षर साहेबांना वाचता येत नाही. कॉलेजात आहेस ना? तू लिही." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. येथे पूर्वी रेल्वे स्टेशन होते. तिकीटघर, फलाट व पाण्याचा नळ होता. सदर बंद स्टेशनलगत ठाकर समाजाची अकरा घरांची वस्ती आहे.

"लगत?" मी विचारलं.

"लगत," ते म्हणाले, भिंतीकडे न बघता. "वस्तीचं नाव?"

मग बाबा म्हणाला, "ठेसन."

मी ते शुद्ध केलं नाही. पुढे वाडी जोडलं तेवढंच. ठेसनवाडी. पंचांनी अंगठे दिले. आईने हात धुतले आणि दगड परत लिंपायला शेण कालवलं.

त्या स्टेशनबद्दल आणखी कुठे काही लिहिलेलं असेल तर मला माहीत नाही. मला ठाऊक आहे तो हा एक कागद, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

दाखला सुट्टीच्या दोन दिवस आधी मिळाला. त्यावर गाव ठेसनवाडी, तालुका खालापूर असं छापलं आहे. घर अजून तिथेच आहे. मी बी.ए. झाले.